गुरू, अनुग्रह आणि साधना : सीमाभागातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात भाताची सुगी आटोपली की गावोगाव पारायणाचे मंडप उभे राहतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. दुपारचं वाचन थांबून चहा येतो तेव्हा मंडपाच्या कडेला बसून लोक जे विचारतात, ते माइकवर कुणी विचारत नाही. सुना विचारतात, नुकतीच नोकरीला लागलेली पोरं विचारतात, कधी एखादे आजोबा नातवंडाला पुढं करून त्याच्या तोंडून विचारून घेतात. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गळ्यात माळ पडून एकतीस वर्षं झाली. मी कुणाची गुरू नाही. तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं कानावर आले, म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

गुरू केलाच पाहिजे का? आमच्या घरात म्हणतात, निगुऱ्याचं, म्हणजे गुरू न केलेल्याचं, तोंड बघू नये.

त्या बोलण्याला घाबरून गुरू करू नका. भीतीपोटी केलेला गुरू भीतीपुरताच टिकतो.

पण गुरू कशाला लागतो, हे समजून घ्या. नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणं मारलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. नामदेव रुसले, विठ्ठलाकडं तक्रार घेऊन गेले, आणि विठ्ठलानंच त्यांना विसोबा खेचरांकडं पाठवलं. देव भेटूनही काहीतरी उरलं होतं. आपलं कच्चेपण आपल्याला दिसत नाही. ते दाखवणारं आणि दाखवून झाल्यावर टाकून न देणारं माणूस म्हणजे गुरू. तशी गरज आज वाटत नसेल तर रोज हरिपाठ म्हणा, ज्ञानेश्वरीची एक ओवी वाचा. घाई कसली?

अनुग्रह म्हणजे नेमकं काय होतं?

गुरूनं शिष्याला पदरात घेऊन नाम किंवा दीक्षा देणं, म्हणजे अनुग्रह. रीत परंपरेप्रमाणं वेगवेगळी. वारकऱ्यांत तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि महाराज ती उचलून तुमच्या गळ्यात घालतात. मंत्र गुपित नसतो, ‘रामकृष्ण हरी’ सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुकोबांना हाच मंत्र बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला. इंचगेरी मठाच्या परंपरेत नाम कानात मिळतं, ते बाहेर सांगायचं नसतं आणि त्यावर रोज नेमानं बसायचं असतं. लिंगायत घरांत इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा असते. दत्त संप्रदायात आणखी निराळी रीत.

बाहेरून पाहिलं तर पाच-दहा मिनिटांचा प्रसंग. माझ्या वेळी वीज गेली होती, कुणीतरी कंदील धरला होता आणि महाराजांनी एवढंच विचारलं, “बाई, रोज जमेल ना?” मी हो म्हटलं. डोळ्यांपुढं उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही. घरी येऊन भाकऱ्या थापल्या. पण तो ‘हो’ आजवर माझ्यामागं उभा आहे. अनुग्रहाच्या वेळी काही ‘झालं’ नाही म्हणून दुःखी होणाऱ्यांना मी मुद्दाम हे सांगते.

माळ घातल्यावर काय काय पाळावं लागतं?

मांसाहार आणि दारू बंद, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षातून आषाढी किंवा कार्तिकी निदान एक वारी. शिवाय खोटं न बोलणं आणि परक्याच्या पैशाला, परक्याच्या बाईला हात न लावणं. यातल्या पहिल्या चार गोष्टी गावाला दिसतात, म्हणून त्यांचीच चर्चा होते. शेवटच्या दोन अवघड.

जत्रेच्या जेवणावळीत अडचण होते, हे खरं. यजमानाला आधी सांगा, तो वेगळं ताट वाढतो. कुणाच्या ताटाकडं बघून नाक मुरडू नका. माळकऱ्याच्या तोंडी कुत्सित बोल आला तर माळ कशाला घातली?

गुरू ओळखायचा कसा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

दासबोधाचा पाचवा दशक काढा. समर्थांनी तिथं गुरूची लक्षणं आधी सांगितली आणि शिष्याची नंतर. जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियं आवरायला शिकवत नाही, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, असं ते स्वच्छ सांगतात. नुसत्या करामती दाखवणारा सद्गुरू नव्हे, हेही तिथंच सांगतात. कसोटी एकच : हा माणूस मला कामाला लावतो का? की नुसताच स्वतःजवळ बसवून ठेवतो?

दुसरी गोष्ट बेळगावचीच. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले. शिकागोला जाण्याआधीचे दिवस, त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. आधी ते भाटे यांच्या घरी उतरले, मग हरिपद मित्र नावाच्या वनाधिकाऱ्यांकडं. हरिपद मित्रांच्या पत्नी इंदुमतीबाईंना फार दिवसांपासून गुरू करायचा होता. मित्रांचं म्हणणं होतं, असा कुणी निवड की ज्याच्याविषयी मलाही आदर वाटेल. तसा सत्पुरुष भेटला तर दोघंही दीक्षा घेऊ. मित्र स्वतः शंका काढणारे गृहस्थ. स्वामीजी घरात राहिले, मित्रांनी मनात साचलेलं सगळं विचारून घेतलं आणि मग दोघांनीही दीक्षा घेतली. मला यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. नवरा-बायकोनं मिळून ठरवलं आणि घरात वावरताना पाहून ठरवलं. मंचावरचा माणूस आणि जेवणाच्या पाटावरचा माणूस एकच आहे का, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी सांगते, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. महाराज स्वयंपाक करणाऱ्या बाईशी कसे बोलतात ते पाहा. देणगी देणाऱ्याला पुढं आणि मजुराला मागं बसवतात का, ते पाहा. कुणी ‘मला कळलं नाही’ म्हटलं की ते चिडतात का? आणि त्यांच्या जुन्या शिष्यांकडं तर नक्की पाहा. वीस वर्षं सेवा करणारी माणसं शांत झालीत की भांडखोर, हे घरच्या लोकांना विचारा.

गुरू कानडी आणि आम्ही मराठी. असं चालतं का?

आमच्या भागात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. भाषेवरून इथं माणसांनी खूप सोसलं आहे, ते मी हलकं करत नाही. पण परमार्थात ही भिंत आपल्या मातीनं कधी मानली नाही.

गुरुचरित्र घ्या. घरोघर सात दिवसांचा सप्ताह होतो, तो ग्रंथ लिहिणारे सरस्वती गंगाधर पहिल्याच अध्यायात सांगतात की आपल्याला मराठी भाषा येत नाही. तरी गुरूच्या आज्ञेनं लिहिलं आणि मराठीला हा ग्रंथ मिळाला. ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, कर्नाटकाचा म्हटलं. त्याच ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते तेव्हा पुढं चालणारे अश्व चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून जातात. इंचगेरी विजापूरकडच्या कानडी मुलखात आहे. तिथं मठ उभारणारे भाऊसाहेब महाराज जत भागातल्या उमदीचे, आणि त्या परंपरेत वाचला जातो तो दासबोध. त्यांचे शिष्य गुरुदेव रानडे जमखंडीत जन्मले, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि शेवटी निंबाळच्या माळावर येऊन राहिले. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी लिहिलं, कर्नाटकातल्या संतांवरही लिहिलं.

विजापूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी कानडीत बोलायचे तसेच मराठीतही बोलायचे. मी एकदा त्यांचं कानडी प्रवचन ऐकायला बसले होते. मला बाजारापुरतं कानडी येतं, अर्धंच समजलं. शेजारच्या आजींना तर अक्षर कळत नव्हतं, पण त्या तासभर हलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, “कळंना बाई काही, पण बरं वाटलं की.”

तरी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. साधनेतली अडचण आपल्या भाषेतच बोलता येते. गुरूंची भाषा येत नसेल तर दोन्ही भाषा जाणणारा जुना गुरुबंधू गाठा, आणि हळूहळू ती भाषा शिका. गुरूसाठी शिकलेली भाषा जिभेवर लवकर बसते.

गुरूंना उलट प्रश्न विचारला तर श्रद्धा कमी पडली असं होतं का?

नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे मार्ग सांगितले आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रश्न मधोमध आहे. अर्जुनानं तर ऐन रणांगणात, शंख वाजून गेल्यावर विचारलं आणि अठरा अध्याय विचारत राहिला. कृष्णानं त्याला ‘गप्प बस’ म्हटलं नाही. शेवटी काय म्हणाला? नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर.

शाळेत चाळीस पोरं समोर असताना मी एक शिकले. जो विचारत नाही त्याला सगळं समजलेलं असतं असं नाही, बहुधा तो घाबरलेला असतो. मात्र विचारण्याची वेळ आणि सूर सांभाळावा. चार लोकांत गुरूंना पकडण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि रात्री झोप लागत नाही म्हणून विचारलेला प्रश्न, यांतला फरक विचारणाऱ्याला स्वतःला पक्का ठाऊक असतो.

बायकांना अनुग्रह मिळतो का? आणि बाई गुरू होऊ शकते का?

दोन्हींचं उत्तर हो. ज्यांना शंका आहे त्यांनी बेळगावच्या अनगोळला जाऊन हरिमंदिर बघावं. कलावती आई (1908–1978) हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींच्या शिष्या. गुरू कर्नाटकातले आणि आईंनी लावलेली भजनाची गोडी बेळगावपासून मुंबईपर्यंत मराठी घरांत पोचली. त्याआधीचं पाहायचं तर योगी म्हणून मिरवणाऱ्या चांगदेवांनी वयानं एवढ्याशा मुक्ताबाईला गुरू केलं. तुकोबांनी बहिणाबाईंना स्वप्नात अनुग्रह दिला आणि घरचा जाच सोसून त्या अभंग लिहीत राहिल्या.

पाळीच्या दिवसांत नाम घ्यावं का, असं मुली हळूच विचारतात. श्वास चालू असतो ना? मग नामही चालू ठेवा. माझ्या गुरूंनी मला दिलेलं हे उत्तर.

दक्षिणा किती द्यावी?

झेपेल तेवढी, आणि नाही झेपली तर नाही. कर्ज काढून, दागिना मोडून कधीही नाही.

हे मी का बजावते, ते सांगते. माझ्या चुलत सासूबाईंनी घरात न सांगता हातातल्या पाटल्या मोडून एका फिरत्या महाराजांना पैसे दिले. मुलाची दारू सुटेल, असं महाराजांनी सांगितलं होतं. दारू सुटली नाही. दुसऱ्या वर्षी ते महाराज आलेच नाहीत. पाटल्या गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं, पण त्यानंतर देवापुढं बसणंही सोडलं. ते मला आजही सलतं. पैसा पुन्हा मिळवता येतो, एवढी मोठी श्रद्धा मोडल्यावर ती म्हातारपणी कुठून आणायची?

सिद्धेश्वर स्वामींच्या सदऱ्याला खिसा नव्हता, हे आमच्याकडं पोराटोरांनाही माहीत आहे. 2018 साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी नम्रपणे नाकारली. 2023 च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला, तेव्हा आधीच लिहून ठेवलं होतं की समाधी बांधू नका, स्मारक करू नका. घेणाऱ्याचा हात कसा असावा, हे ज्यांना बघायचं आहे त्यांना आपल्याच मुलखात बघायला मिळालं.

संसार सोडावा लागेल का?

नाही. पंत महाराज बाळेकुंद्रीकर (1855–1905) बेळगावात शाळामास्तर होते. बाळावधूतांचा अनुग्रह झाला म्हणून त्यांनी नोकरी टाकली नाही की घर टाकलं नाही. दिवसा वर्गात शिकवायचं, घरी आल्या-गेल्याला जेवू घालायचं आणि त्यातच प्रेमानं ओथंबलेली पदं रचायची. आश्विनात बाळेकुंद्रीला उत्सव भरतो तेव्हा जाऊन बघा, किती साधी माणसं, शेतकरी, कारकून, शिवणकाम करणाऱ्या बायका ती पदं तोंडपाठ म्हणतात. एका शाळामास्तराचं हे लेणं आहे. मी स्वतः मास्तरीण, त्यामुळं मला त्यांच्याविषयी जरा जास्तच माया आहे, हे कबूल करते.

गुरूंचं वागणं चुकीचं दिसलं तर काय करायचं?

साधी चूक असेल, म्हणजे राग आला, विसर पडला, एखाद्याला जास्त लावून बोलले, तर माणूस आहेत म्हणून पोटात घाला आणि जमलं तर एकांतात विचारा.

पण अंगाला हात लावणं, एकट्या मुलीला खोलीत बोलावणं, मुलाला मारणं, आजाऱ्याचं औषध बंद करायला लावणं, घरच्यांशी बोलू न देणं, ‘हे कुणाला सांगशील तर वाटोळं होईल’ असं म्हणणं, यातलं काहीही झालं तर तिथं परीक्षा बघत बसू नका. निघा. घरच्यांना सांगा, पोलिसांत सांगा. पोलिसांचा नंबर 112, मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181. संप्रदायाचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसायला सांगणारी भली माणसंही भेटतील. त्यांचं ऐकू नका. गुरूद्रोहाचं पाप लागेल असं कुणी म्हणालं तर समर्थांचं ते वाक्य आठवा, टाकून द्यावेत.

आणि ज्यांच्यावर असं गुदरलं त्यांना मला सांगायचं आहे, नाम तुमचं आहे. ते कुणाच्या तोंडून आलं म्हणून विटत नाही. हवं तर घ्या, नको वाटलं तर काही वर्षं बाजूला ठेवा. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही, लावला तर मला आणून भेटवा.

शिष्य गुरूच्या पुढं जाऊ शकतो का?

सदलग्याचं उदाहरण देते, चिक्कोडीकडच्या लोकांना ते घरचं आहे. 1946 साली तिथं जन्मलेला कानडी बोलणारा मुलगा राजस्थानात जैन आचार्य ज्ञानसागरांकडं गेला. वृद्ध गुरूंनी त्याला अक्षरशः हाताशी धरून शिकवलं आणि 1968 साली अजमेरला मुनिदीक्षा दिली. तेच पुढं आचार्य विद्यासागर. खरी गोष्ट चार वर्षांनंतरची. 1972 च्या नोव्हेंबरात नसीराबादला ज्ञानसागरांनी आपलं आचार्यपद उतरवलं, शिष्याला आपल्या आसनावर बसवलं, स्वतः खाली बसले आणि म्हणाले, आता माझी सल्लेखना (अन्नपाणी कमी करत देह ठेवण्याचं जैन व्रत) तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या. ज्याला वाढवलं त्याच्याचपुढं शेवटच्या प्रवासासाठी हात जोडले.

मी जैन नाही. पण हा प्रसंग ऐकला त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

गुरूंनी देह ठेवला. आता दुसरा गुरू करावा का?

दिलेली साधना चालू ठेवणं, हाच पहिला मार्ग. अडचण आली तर परंपरेतल्या वडीलधाऱ्या गुरुबंधूंकडं जावं. भाऊसाहेब महाराज 1914 साली गेले, तेव्हा रानडे आपले गुरुबंधू अंबुराव महाराजांकडं वळले. जिगजेवणीचे अंबुराव महाराज फार शिकलेले नव्हते, रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तरी रानडे त्यांच्यापुढं लहान होऊन बसत.

आणि पोकळी वाटत असेल तर वारीत एकदा रिंगण बघा. अंकलीहून आलेल्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. तो धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. गुरू गेल्याच्या वर्षी मीही लावली. रडू आलं, मग हलकं वाटलं.

मुलांना कधीपासून लावावं?

जबरदस्तीनं कधीच नाही. कलावती आईंची ‘बालोपासना’ पुष्कळ घरांत म्हटली जाते, लहान आहे, मुलांना पाठ होते. तुम्ही संध्याकाळी दिवा लावून पाच मिनिटं बसा, मूल आपोआप शेजारी येऊन बसतं. उठून गेलं तर जाऊ द्या.

मी नोकरीला बेंगळुरूत, गुरू गावाकडं. मोबाइलवर सत्संग चालतो का?

ऐकायला चालतो. व्हॉट्सॲपवर रोज अभंग पाठवला म्हणजे नेम झाला, असं मात्र धरू नका. वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष या, सुगीच्या सप्ताहाला आलात तर फारच बरं. गुरू तुमच्या चेहऱ्याकडं बघून जे ओळखतात ते काचेवर दिसत नाही. आणि आलात की पुढं बसण्यासाठी धडपडू नका, आधी वाढायला घ्या.

गुरुपौर्णिमेला काय घेऊन जायचं?

एक नारळ, परड्यातली चार फुलं. शाल-श्रीफळाची रांग लावू नका, महाराजांच्या घरी शालींना ठेवायला जागा उरलेली नाही. माझे गुरू होते तोवर दरवर्षी दारातच विचारायचे, “हरिपाठ चालू आहे?” हो म्हटलं की म्हणायचे, “मग आत ये, भात झालाय.” एका वर्षी आजारपणामुळं तीन महिने नेम मोडला होता. मी दारातच थांबून खरं ते सांगितलं. ते काही क्षण बघत राहिले आणि म्हणाले, “आज संध्याकाळी दोघं मिळून म्हणू. आत ये, भात निवतोय.”